ऑगस्टमधली तारीख

सोंगक्रानच्या, म्हणजे एप्रिलमधल्या थाई नववर्षाच्या सणात रस्त्यावर उडवलेल्या पाण्यात केंगची मोटारसायकल घसरली आणि तो खांद्यावर आपटला, तरी हाताचं एक हाडही मोडलं नाही. आईला तेवढ्यानेच हायसं वाटलं. फायला, म्हणजे त्याच्या धाकट्या बहिणीला, मात्र तो हात बघवेना. ओल्या टॉवेलसारखा नुसता लोंबत होता.

खोन केन शहरातल्या इस्पितळाच्या सर्जनबाईंनी सगळं नीट समजावलं. मानेतून हाताकडे जाणाऱ्या नसा मुळापासून उपटल्या गेल्यात. बरगड्यांमधल्या, श्वासाच्या कामाच्या दोन-तीन नसा घेऊन त्या दंडाच्या नसेला जोडायच्या. मग श्वास ओढला की कोपर हळूहळू वाकायला शिकेल. "पण ऑगस्टमध्ये याच," त्या म्हणाल्या. "नस उशिरासुद्धा जोडता येते. दंडाचा स्नायू तोवर मेलेला असतो."

श्वासावर चालणारा हात! फायने शाळाभर सांगून टाकलं. सांधे आखडू नयेत म्हणून रोज ती केंगचं कोपर वाकवायची, सरळ करायची. तो म्हणायचा, "हळू गं, पंप नाहीये तो."

आडवा आला आईचा नवस. केंग बेशुद्ध असताना ती बोलून बसली होती, की पोरगा वाचला तर याच वर्षावासात, पावसाच्या तीन महिन्यांसाठी, भिक्खूचं चीवर घालील. नवस फेडण्याआधी अंगाला सुरी लावायची, हे ऐकताच ती कानांवर हात ठेवायची. पण लुळ्या हाताच्या माणसाला दीक्षा देत नाहीत. म्हणून तिने विहाराच्या प्रमुखांना, म्हणजे लुआंगफोंना, सांगितलं की खांदा मुरगळलाय, होईल बरा. केंग शेजारी बसून पायाच्या बोटांकडे बघत राहिला. फायने तोंड उघडलं, तर आईने तिच्या मांडीला कचकचीत चिमटा काढला.

जुलैत केंगचं मुंडण झालं. त्या दिवसापासून आई त्याच्या पाया पडू लागली आणि फायला, बाईने भिक्खूला शिवायचं नसतं म्हणून, त्याला शिवायची बंदी. आता कोपर कोण वाकवणार? त्यात वर्षावासात भिक्खूने विहार सोडायचा नसतो. ऑपरेशनसाठी परवानगी मागावी, तर मुरगळलेल्या खांद्याचं ऑपरेशन कसलं? ऑगस्टमधली तारीख आली आणि गेली. आईने फोन करून दुसरी मागितली. मिळाली ती थेट फेब्रुवारीतली.

वर्षावास संपल्यावर केंगने चीवर उतरवलं. फेब्रुवारीत सर्जनबाईंनी दंड चाचपला, स्नायूत सुई घातली. यंत्रावरची रेघ हललीच नाही. आता मांडीचा स्नायू आणून लावून बघता येईल, म्हणाल्या, पण खात्री देत नाही. केंग एका हाताने शर्टाची बटणं लावू लागला. आई मदतीला सरकली, तशी त्याने पाठ फिरवली.

फायने तडक विहार गाठला. लुआंगफोंपुढे गुडघे टेकले आणि सगळं ओकून टाकलं, आईच्या खोट्यासकट.

"पहिल्याच सकाळी कळलं होतं मला," ते शांतपणे म्हणाले. "भिक्षापात्राचं झाकण त्याला दुसऱ्या हाताने उघडता येईना. आजारपणासाठी जाऊ देतो आम्ही, पोरी. तुम्ही मागाल म्हणून वाट बघितली."

"मग तुम्हीच का नाही सांगितलंत?"

"तुझ्या आईची अब्रू राहावी म्हणून."

रिवाजाप्रमाणे फायने दोन्ही हात जोडले आणि तीनदा जमिनीला डोकं टेकवलं. इतक्या मुकाट्याने जुळलेल्या त्या हातांची तिला किळस आली.