सलोखा आहे ना?

वेर्नाला सकाळपासून चैन नव्हतं. सफरचंदं सोलून झाली, लख्ख ओटा पुन्हा घासून झाला, तरी दर थोड्या वेळानं ओसरीवर जाऊन ती रस्ता बघत होती. उद्या चर्चची सभा. बिशप एकेकाला विचारणार, "देवाशी आणि माणसांशी तुझा सलोखा आहे ना?" हो म्हटलं तरच रविवारी प्रभुभोजनाला बसायचं, आणि त्याच रविवारी तिचं नि एलमचं लग्न जाहीर व्हायचं होतं. तोवर वाच्यता करायची नाही, ही त्यांच्या मेनोनाइट ख्रिस्ती पंथाची रीत.

आता 'हो' म्हणायला काय जातं, असं तुम्ही म्हणाल. खोटं पचवणाऱ्यांचं काही जात नाही हो! वेर्नाला ते पचत नव्हतं.

दीड वर्षं ती एलमच्या घरी येऊन त्याच्या आईचं, बार्बराचं, सगळं करत होती. हागणंमुतणं काढायचं, भरवायचं, रोज पाय धुवायचे. दिवस तिचा, रात्र एलमची. म्हातारीला दोघांनी मिळून कुशीवर वळवता वळवताच त्यांचं जमलं. आणि गेल्या रविवारी एलमची थोरली बहीण सालोमी चारचौघींत म्हणाली, "सेवा कसली करतेय! गळ टाकून बसलीय." तेव्हापासून वेर्नाच्या जिवाची नुसती तगमग चालली होती; सालोमीशी सलोखा नसताना 'हो' कसं म्हणायचं? आणि आज सालोमी आईला भेटायला यायची होती.

एवढ्यात सालोमीची घोडागाडी दारात थांबली. वेर्नाशी न बोलता ती सरळ आत गेली.

"आई, कशी आहेस?"

बार्बरानं तिला न्याहाळलं आणि वेर्नाला विचारलं, "ही बाई कोण गं? सालोमी, हिला कॉफी दे."

"हो आई, देते," वेर्ना सवयीनं बोलून गेली, आणि मग तिला सालोमीचा चेहरा दिसला.

विसरभोळी म्हातारी वेर्नालाच लेक समजायची, आणि दीड वर्षं ती त्या नावाला ओ देत होती. म्हातारीशी वाद कशाला, तेवढाच तिच्या जिवाला आराम, एवढाच तिचा विचार. पण ते नाव कुणाचं तरी होतं! अगं बाई, हे आपल्या डोक्यात कसं आलं नाही?

तिनं घंगाळात ऊन पाणी ओतलं आणि टॉवेल सालोमीच्या हातात दिला.

"आज पाय तू धू."

"मी? ती मला ओळखतसुद्धा नाही."

"ओळखेल कशी? तुझी जागा मी अडवलीय." वेर्ना म्हातारीपुढे वाकली. "आई, मी सालोमी नाही. मी वेर्ना. सालोमी ही."

बार्बराचा पारा चढला. "कोण वेर्ना? लेक म्हणवून घरात शिरलीस? चालती हो! आधी चालती हो!"

वेर्ना ओसरीवर आली आणि हुंदके देऊन रडायला लागली. एलम गोठ्यातून धावत आला.

"काय झालं?"

"आईनं हाकललं. दीड वर्षं केलं रे तिचं, आणि आता मी तिची कुणीच नाही."

त्यानं भर दिवसा, रस्त्यावरून दिसेल असा, तिचा हात धरला.

"सोड, कुणी बघेल."

"बघू दे."

आत बराच वेळ नुसतं पाणी वाजत होतं. मग म्हातारीचा आवाज आला, "अगं हळू! लहानपणापासून तू अशीच धसमुसळी, सालोमी."

"हो आई." सालोमीनं हात हलका केला.

"आणि बाहेर ती पोरगी कोण रडतेय?"

वेर्नानं एलमचा हात घट्ट धरला.

"ती वेर्ना, आई," सालोमी खणखणीत आवाजात म्हणाली. "तुझी सगळी सेवा तिनंच केली. आपल्या एलमची होणारी बायको."

"मग बाहेर काय करतेय? तिला म्हणावं, पाणी गार झालंय."

एलमनं वेर्नाकडे पाहिलं. "उद्या काय सांगशील?"

"हो सांगेन," ती म्हणाली, नि डोळे पुशीत किटली आणायला धावली.