ऊन लिहील ते नाव

सुईत दोरा ओवणारे आईचे हात. फोटो थोरल्या बहिणीने काढला होता आणि धाकटीने पडदा बाजूला धरून त्या हातांवर उजेड सोडला होता. थोरली गेली. वर्ष सरतं न सरतं तोच भावोजींनी त्याच फोटोखाली आपलं नाव घालून बक्षीस घेतलं, हारतुरे घेतले. धाकटीच्या पोटात तेव्हा जो निखारा पडला, तो काही विझेना.

धाकटीचा धंदा प्रिंटवर कोटिंग करण्याचा. आणि भावोजी नेमके तिच्याच दारात आले, त्याच फोटोचा भलामोठा प्रिंट काखोटीला मारून.

"मेव्हणीबाई, स्टुडिओत दर्शनी भिंतीवर लावायचाय. काचबिच नको, चकाकते मेली. तुमचा फवारा मारा, झालं."

"त्या भिंतीसमोर खिडकी आहे ना? दिवसभर ऊन येतं तिथे."

"म्हणून तर कोटिंग करायचं. टिकेल ना?"

"तुमचं नाव लोक विसरतील, पण हा टिकेल."

"तुमच्या जिभेला काही हाड आहे की नाही!" म्हणत ते हसतच गेले.

धाकटीने प्रिंट फळीवर पसरला, मऊ ब्रशने धूळ झटकली. मग पातळ चिकट कागदातून अक्षरं कापली. ताईची सही, शेवटी हट्टी शेपटीचा झोका असलेली. फोटोच्या गडद कोपऱ्यात ती अलगद चिकटवली. "कर गं ताई सही, राहिली होती ना तुझी?"

वरून ऊन अडवणारा फवारा मारला. एक हात उभा, एक हात आडवा, पानावर दव उतरावं तसा. वाळल्यावर अक्षरं सोलली. त्यांच्याखालचा कागद तेवढा उन्हाला उघडाच राहिला होता. शेवटी सगळ्यावर साधं वार्निश फिरवलं. ते ऊन अडवत नाही, चकाकी तेवढी सारखी करतं. डोळ्यांत तेल घालून पाहिलं तरी काही दिसेना.

"आता ये रे बाबा," ती उन्हाला म्हणाली. "रोज ये, सावकाश ये. मला घाई नाही."

पहिला उन्हाळा कोरडाच गेला, काही उमटलं नाही. धाकटी दम धरून थांबली. दुसरा सरता सरता भावोजी घामाघूम होऊन आले.

"कोपऱ्यात काहीतरी उगवलंय! फिकट फिकट अक्षरं. काल एका गिऱ्हाइकाने सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं. म्हणे, ही कोण?"

"मग सांगायचं, कोण ते."

"थट्टा पुरे! मी दुसरा प्रिंट लावीन."

"लावा की. पहिला का काढला, तेही लोक विचारतीलच."

भावोजींचा आवाज एकदम खाली आला. "त्यावर काहीतरी मारा हो. लपेल ना?"

"फवाऱ्याने काही लपत नाही, भावोजी. जे आहे, ते तसंच टिकतं."

तिने फळीवरचा ऊन अडवणाऱ्या फवाऱ्याचा डबा उचलला, खळखळ हलवला.

"आणा तो प्रिंट इकडे. या वेळी एक टिंबसुद्धा सोडत नाही."