पाण्याचे प्रेक्षक

मामाने तिचं नाव टाचणी ठेवलं होतं, कारण लहानपणापासून ती काडीसारखी बारीक आणि कुठेही घुसणारी. पुढे ती जुन्या इमारती दुरुस्त करणारी इंजिनिअर झाली आणि मामा, शहरात उरलेल्या मोजक्या चांगल्या सुतारांपैकी एक, तिच्याच हाताखाली कामाला आला. "भाचीने मामाला जुंपलंय," असं तो भेटेल त्याला सांगायचा, तक्रारीच्या सुरात, पण छाती फुगवून.

त्या वर्षी दोघांकडे एका जुन्या नाट्यगृहाचं काम होतं. चहूबाजूंनी वीस-वीस मजल्यांच्या इमारती उठल्या होत्या आणि मधोमध हे ठेंगणं नाट्यगृह अंग चोरून बसलेलं. आत शिरलं की मात्र माणूस आपोआप वर बघायचा. घोड्याच्या नालासारखी वळलेली बाल्कनी, दोनशे ऐंशी खुर्च्यांची, आणि खाली आधाराला एकही खांब नाही.

नेमकं हेच पालिकेच्या मुख्य अभियंत्यांना खटकत होतं. मूळ नकाशे केव्हाच गहाळ झालेले.

"ही कशाच्या जोरावर उभी आहे ते सांगा," ते म्हणाले. "सांगता येत नसेल तर पाडा. उद्या एवढी माणसं खाली आली तर मी काय तोंड दाखवू?"

टाचणीला राग आला. पण माणूस चुकीचं बोलत नव्हता. आणि बाल्कनी पाडली की नाट्यगृहाचं कोठार व्हायला वेळ लागणार नव्हता.

उत्तराचं टोक मामाला सापडलं. बाल्कनीच्या शेवटच्या रांगेखालच्या फळ्या त्याने एकेक करून उचलल्या, बॅटरी मारली आणि हाक दिली, "टाचणे, तुझ्या मापाचं भोक आहे. घूस."

ती पोटावर सरपटत आत गेली. लोखंडी गर्डर मागच्या भिंतीपाशी संपत नव्हते. भिंतीच्या आरपार जाऊन, जिन्यावरच्या पोकळीतून थेट पलीकडच्या जाड भिंतीखाली दडपले होते; मागे त्या भिंतीचं वजन, म्हणून पुढे बाल्कनी तोललेली. ती बाहेर आली तेव्हा केसांत जळमटं होती आणि हसू आवरत नव्हतं.

"मामा, बाल्कनी जेवढी बाहेर दिसते ना, तेवढीच भिंतीच्या आत आहे."

"म्हणजे माझ्या मेव्हण्यासारखी नाही. तो सगळाच बाहेर."

"मामा, ते माझे बाबा आहेत."

तिने आत काढलेले फोटो मुख्य अभियंत्यांनी शांतपणे पाहिले. "लोखंड आहे हे कळलं. त्यात दम किती आहे, हे नाही कळलं."

"मग भार टाकून बघू," टाचणी म्हणाली. "प्रत्येक खुर्चीच्या जागी एक ड्रम आणि त्यात दोन माणसांच्या वजनाचं पाणी. कडा बारा मिलिमीटरपेक्षा जास्त खाली आली, किंवा पाणी काढल्यावर पुन्हा वर गेली नाही, तर मी स्वतः पाडायच्या कागदावर सही करीन."

आता माघार नव्हती.

शनिवारी सकाळी पंप सुरू झाला. बाल्कनीच्या खाली, चार बोटं अंतर सोडून, लोखंडी टेकू लावले होते. न जाणो काही झालंच तर. कडेला डायल गेज बसवला होता, केसभर हालचालही काट्यावर दाखवणारा. टाचणी दुर्बिणीतून लांबूनच तो वाचत होती.

"लोक देव पाण्यात घालून बसतात," मामा म्हणाला. "आपण नाट्यगृहच घातलं."

पाव भाराला एक मिलिमीटर. अर्ध्याला तीन. आकडा सांगताना टाचणीचा आवाज दर वेळी थोडा चढत होता. पाऊण भाराला पाच. आणि तेवढ्यात वरून कडाड आवाज आला.

सगळे दाराकडे पळाले. पंप बंद झाला. टाचणीने दुर्बीण डोळ्यांना लावली. काटा शोधला. तो पाचावरच होता.

"थांबवा हे," मुख्य अभियंते म्हणाले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"हे लाकूड बोललं, साहेब," मामा म्हणाला. "लोखंड असं तडकत नाही. चाळीस वर्षं लाकडाचं ऐकतोय मी."

"तुमच्या कानांवर मी कुणाचा जीव टाकणार नाही."

"बरोबर आहे," टाचणी म्हणाली. "पाणी काढू. मग बघू."

पाणी काढायला संध्याकाळ झाली. मग तिघे बाल्कनीखाली गेले. एका कोपऱ्यात कुणीतरी नंतर सामानाची खोली केली होती, तिची लाकडी भिंत थेट बाल्कनीला टेकवलेली. बाल्कनी पाच मिलिमीटर खाली आली आणि वरची फळी उभी चिरली. मुख्य अभियंत्यांनी चिरेत बोट घालून पाहिलं.

"हा आडमुठा पाहुणा काढा," ते म्हणाले. "आणि उद्या पहिल्यापासून. पाऊण भारावरून नाही, शून्यावरून."

"शून्यावरूनच," ती म्हणाली. तिलाही तेच हवं होतं.

रविवारी ड्रम पुन्हा भरू लागले. पाव, अर्धा, पाऊण. पाऊण भाराला पुन्हा पाच, आणि या वेळी आवाज नाही. पंपाची घरघर तेवढी चालू होती. दुपारी शेवटचा ड्रम भरला.

"सात," टाचणी म्हणाली. मग कुणी ऐकलं नसेल म्हणून पुन्हा, "सात मिलिमीटर."

मुख्य अभियंत्यांनी दुर्बीण मागून घेतली, स्वतः पाहिलं, वहीत लिहिलं, पुन्हा पाहिलं. "चोवीस तास," एवढंच म्हणाले.

सोमवारी दुपारीही काटा सातावरून जेमतेम हलला होता. पाणी सोडलं तशी बाल्कनी वर येऊ लागली. टाचणीला वाटलं, एखादं मोठं जनावर वजन उतरल्यावर पाठ ताठ करतंय. मंगळवारी सकाळी ती धावतच आत शिरली. काटा अर्ध्या मिलिमीटरवर आला होता, म्हणजे कड जवळजवळ पूर्ण वर परतली होती. मामाचा हात धरून तिथल्या तिथे उड्या मारू लागली.

"अगं, खांदा निखळेल माझा," मामा म्हणाला, पण हात सोडवून घेतला नाही.

मुख्य अभियंत्यांनी आकडे तपासले, 'बाल्कनी कायम ठेवावी' असं लिहून खाली सही केली. मग कुणी न सांगता जिना चढून वर गेले. रिकामे ड्रम बाजूला सारत पहिल्या रांगेत येऊन उभे राहिले, खालच्या रंगमंचाकडे बघत.

"इथून सगळं दिसतं हो," ते म्हणाले. आणि लगेच, "पण हा कठडा फार बुटका आहे. माझ्या मांडीलाही लागत नाही. हा असा चालणार नाही."

"पाडायला आले होते, आता नटवायला निघाले," मामा पुटपुटला.

टाचणी तोवर खिशातून टेप काढून अर्धा जिना चढली होती. "मामा, पेन्सिल घेऊन ये," तिने वरून सांगितलं. "आणि लाकूड कुठलं घ्यायचं त्याचा विचार चढता चढताच कर."