तपासणीचं पाणी

"आटपा मावशी! तपासणीच्या मॅडम गेटातून बाहेर पडल्या. पाणी काढा, रंगीत भरा," ढकलगाडी पुढे सारत सुपरवायझर म्हणाला.

मावशीने मशीनचं दार उघडलं. माध्यमिक शाळेच्या व्हरांड्यातलं हे पेयांचं मशीन ती कित्येक वर्षं भरत होती. रंगीत म्हणजे साखर ठासून भरलेल्या बाटल्या. असल्या बाटल्या शाळेत विकायच्या नाहीत असा नियम निघाला, तेव्हा मशीनवाल्या कंपनीने नामी युक्ती काढली. पाण्याचे फक्त चार खोके घेतले. मॅडम ज्या शाळेत जाणार, तिथे हे खोके त्यांच्या आधी पोचत. मॅडमनी शाबासकी दिली की पाणी बाहेर, रंगीत आत, आणि वरात निघाली पुढच्या शाळेला. फिरून फिरून बाटल्यांवरची लेबलं विटली होती, पण त्यातला एक घोट कुणाच्या घशाखाली उतरला नव्हता. खायचे दात वेगळे, दाखवायचे वेगळे.

आज तर मॅडम "आदर्श शाळा" म्हणाल्या होत्या. मुख्याध्यापिकाबाईंनी हसून मान डोलावली. त्यांना सगळं ठाऊक होतं, पण झाकली मूठ सव्वा लाखाची.

मावशीही गप्प होती. नवऱ्याचं काम सुटल्यापासून घर तिच्या एकटीच्या पगारावर चाललं होतं. नोकरीपायी तिने जीभ इतकी आवरली होती, की सासूने पाहिलं असतं तर तिचा विश्वास बसला नसता.

तेवढ्यात खेळाचा तास सुटला. घामाने निथळणारी एक मुलगी धावत आली.

"मावशी, पाणी द्या ना. नळ कोरडा पडलाय."

"ए, हात लावू नको!" सुपरवायझर खेकसला. "ते तपासणीचं आहे. हे घे, संत्र्याचं."

"पण मला पाणी हवंय, काका."

"ते प्यायचं नाहीये!"

मावशीच्या मस्तकात तिडीक गेली. पाणी, आणि म्हणे प्यायचं नाही! तहानलेल्या पोरीला? तिने बाटली काढली, सील तोडलं आणि मुलीच्या हातात ठेवली. मग मैदानाकडे तोंड करून हाक मारली, "या रे सगळे! पाणी घ्या! पैसे नकोत!"

मुलांची झुंबड उडाली. सुपरवायझरचा चेहरा पांढराफटक पडला.

"अहो मावशी, जेवणाच्या सुट्टीनंतर मॅडम पुढच्या शाळेत जातायत! तिथे मशीनमध्ये काय मांडू? माझं डोकं?"

"मांडा की. रिकामंच आहे, मावेल."

पोरं खिदळली. गलका ऐकून मुख्याध्यापिकाबाई बाहेर आल्या. "काय चाललंय हे?"

"आदर्श शाळा चाललीये, बाई," मावशी म्हणाली. "मुलं पाणी पितायत."

बाईंनी मुलांकडे पाहिलं आणि त्या आल्या पावली आत गेल्या. सुपरवायझरने मात्र हात पुढे केला.

"उद्यापासून येऊ नका. मशीनची किल्ली द्या."

मावशीचा हात किल्लीवर थांबला. घरी काय सांगायचं? नवरा काही बोलणार नाही, नुसता बघत राहील, आणि तेच तिला सोसणार नव्हतं. तिला भीती वाटली, चांगलीच वाटली. पण इतकी वर्षं आपण ज्याला वचकून राहिलो, तो हा एवढासा माणूस, हेही तिला आज पहिल्यांदाच दिसलं.

"देते की. घरी नेऊन काय करू? पण आधी हे खोके रिकामे होऊ देत."

"मावशी, माझीही नोकरी जाईल हो!"

"मग तुम्हीही प्या," ती म्हणाली आणि एक बाटली त्याच्या पुढे केलेल्या हातात दिली.

मावशीने शेवटचा खोका पायाने पुढे ओढला आणि वरची पट्टी टरकन फाडली.

"ढकलाढकली नको रे. बारक्यांना पुढे येऊ द्या."