सव्वादोनची नोंद

“लिहा,” मोठ्या बाई म्हणाल्या. “दुपारी सव्वादोनच्या सुमारास, जिन्यावरून उतरताना पाय घसरल्यामुळे हात मुरगळला.”

मावशींनी लिहिलं. बालगृहात त्यांचं काम हेच. मुलींची हजेरी, औषधं, भेटायला आलेल्यांची नावं आणि घटनांची नोंद. अकरा वर्षं झाली होती. अक्षर छापल्यासारखं, तपासणीला येणारे साहेबसुद्धा वही उघडली की खूश व्हायचे. मुली त्यांना वहीवाल्या मावशी म्हणत.

“मुरगळला म्हणू ना?” मावशींनी पेन थांबवून विचारलं. “कोपराखाली वाकडाच दिसतोय हो.”

“मोडला लिहिलंत की ती गंभीर घटना होते. मग चोवीस तासांत बालसंरक्षण कार्यालयाला फॉर्म, मग चौकशी, मग पोलीस. पोरी पडतच असतात. मुरगळला लिहा आणि दवाखान्यात नेऊन आणा तिला.”

बाहेर बाकावर पेन्सिल बसली होती. नऊ वर्षांची, काडीसारखी, म्हणून सगळ्या पेन्सिल म्हणत. डावा हात तिनं मांडीवर ठेवला होता, कुणी दुसऱ्याची वस्तू सांभाळायला द्यावी तसा. ती रडत नव्हती. रस्ताभर एक शब्द बोलली नाही.

“काय झालं गं बाळा?” डॉक्टरांनी विचारलं.

पेन्सिलनं समोरच्या भिंतीकडे बघत म्हटलं, “दुपारी सव्वादोनच्या सुमारास, जिन्यावरून उतरताना पाय घसरल्यामुळे हात मुरगळला.”

डॉक्टरांचा हात मध्येच थांबला. मावशींनी तिच्याकडे वळून बघितलं. नोंद लिहिताना ऑफिसचं दार बंद होतं. आणि पेन्सिलला घड्याळ कळत नव्हतं. गेल्याच आठवड्यात मावशींनी तिला मोठा काटा, छोटा काटा शिकवायला घेतलं होतं, तेव्हा तिनं साडेचारला नऊ वाजले म्हणून सांगितलं होतं.

“हात मोडलाय,” एक्स-रे उजेडात धरून डॉक्टर म्हणाले. “आणि आजचा नाही हा. सूज बघा ना. काल संध्याकाळचा तरी असेल. मी माझ्या कागदावर तसंच लिहितोय. तुमच्या कागदाचं तुम्ही बघा.”

घरी नवऱ्याला त्यांनी सगळं सांगितलं. तो पाणीपुरवठ्यात पंप चालवायचा, मोजकं बोलायचा. ऐकता ऐकता तो हाताची बोटं मोडत होता.

“बोल तू बाईंविरुद्ध, मी नाही म्हणत नाही,” तो म्हणाला. “पण एक ध्यानात घे. तोंड त्यांचं असलं तरी अक्षर सगळीकडे तुझंच आहे.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मोठ्या बाई बैठकीला गेल्या. मावशींनी कपाटातून जुन्या वह्या काढल्या. त्या आधी कधी मागे जाऊन वाचल्याच नव्हत्या. रोजचं पान लिहायचं, सही घ्यायची, वही मिटायची. आता त्या एकेक पान उलटत गेल्या. अकरा वर्षांत नऊ मुली. नऊही जिन्यावरून. नऊही वेळा सव्वादोन. त्या वेळी सगळ्या मुली वामकुक्षी घेत असतात, बघणारं कुणी नसतं.

जिना तर त्यांच्या ऑफिसला लागूनच होता. मधे एकच भिंत. दुपारी त्या तिथंच बसलेल्या असायच्या. कुणी चप्पल ओढत गेलं तरी ऐकू यायचं. कुणी पडल्याचा आवाज मात्र त्यांनी एकदाही ऐकला नव्हता.

दुपारी मुली झोपायला गेल्या. पेन्सिलचा हात उशीवर ठेवायला डॉक्टरांनी सांगितलं होतं, म्हणून मावशी जादा उशी आणायला वरच्या मजल्यावर चादरींच्या खोलीकडे गेल्या. एरवी तिथं धुणंवाली जायची. कडीला बाहेरून किल्ली लटकत होती. आत खिडकी नव्हती. फिनेलचा वास, छतापर्यंत घड्या. त्या उशी ओढतायत तोवर मागे दार आपोआप लागलं आणि खटका पडला.

डोळ्यांत बोट घातलं तरी दिसू नये असा अंधार. मावशींनी दार चाचपलं. आतून मूठच नव्हती. हात खाली सरकला, तर कमरेच्या उंचीवर रंग गुळगुळीत लागला. तेलकट, घासून घासून मऊ झालेला. तिथून जरा खाली आणखी एक डाग. बाजूला आणखी. वेगवेगळ्या उंचीवर. काय असेल हे, म्हणून त्यांनी गुडघ्यावर बसून डोकं टेकवलं आणि त्यांना कळलं. कपाळं होती ती.

तेवढ्यात बाहेर अनवाणी पावलं वाजली. अगदी दाराशी येऊन थांबली.

“कोण आहे आत?” एक बारीक आवाज कुजबुजला.

मावशी गुडघ्यावरच होत्या, कपाळ दाराला तसंच टेकलेलं.

“रडू नकोस हं,” आवाज समजुतीनं म्हणाला. “नोंद पाठ करत राहा. चुकलीस तर परत पहिल्यापासून म्हणायला लावतात. पाठ झाली की मावशी वहीत लिहितात. लिहून झालं की सोडतात.”

“किती वेळानं लिहितात?” दुसरा आवाज आला, त्याहून लहान.

“बाईंनी सांगितल्यावर मावशी लगेच लिहितात. त्या काही विचारत नाहीत.”

“मी आहे,” मावशी म्हणाल्या. त्यांचा स्वत:चा आवाज त्यांना ओळखू आला नाही.

बाहेर एकदम सामसूम झाली. मग स्टूल फरफटत आणल्याचा आवाज, मग खटका. दार उघडलं. सहा-सात वर्षांच्या दोन मुली उभ्या होत्या. मावशींना बघताच दोघींनी दोन्ही हात पाठीमागे लपवले.

 मावशींनी उशी नेऊन पेन्सिलच्या हाताखाली ठेवली. खाली येऊन गंभीर घटनेचा कोरा फॉर्म काढला, त्यावर छापलेला नंबर फिरवला आणि म्हणाल्या, “एक घटना कळवायची आहे. नाही, नऊ आहेत. अकरा वर्षांतल्या. हो हो, मी थांबते.”

मग वह्या पिशवीत भरून त्या स्वत:च बालसंरक्षण कार्यालयात गेल्या. अधिकारी तरुण होती, त्यांची मुलगी शोभेल एवढी. पानं उलटता उलटता तिनं मान वर केली.

“अक्षर कुणाचं आहे?”

“माझं.”

“सगळीकडे?”

“सगळीकडे. तेही लिहून घ्या.”

चौकशी चार महिने चालली. मोठ्या बाईंवर खटला उभा राहिला. मुलींना दुसऱ्या बालगृहात हलवलं. जाताना पेन्सिलनं बसच्या खिडकीतून बघितलं, हात मात्र केला नाही. मावशींची नोकरी गेली. त्यांनी त्यावर अर्जही केला नाही. नवरा म्हणाला, “करायचा होतास.” त्या म्हणाल्या, “कशाच्या जोरावर?”

नऊपैकी चार मुली अठरा पूर्ण झाल्यावर कधीच बाहेर पडलेल्या होत्या. त्यांना शोधायचं काम बाकी होतं. मावशींनी जुने पत्ते काढून दिले, आणि चौघींना स्वत:च्या हातानं पत्रं लिहिली. काय लिहावं ते कळेना, म्हणून नुसतं एवढंच लिहिलं, की खरं काय ते आता कळवलं आहे, तुझं नाव त्यात आहे. दोन पत्रं परत आली. दोघींकडून काहीच आलं नाही.

एका दुपारी मावशी गच्चीवर वाळत घातलेले कपडे काढून आल्या, तर उघड्या दारात एक मुलगी उभी होती. बेल वाजवलेली नाही, हाक मारलेली नाही. किती वेळ उभी होती कुणास ठाऊक. वीसेक वर्षांची, ऑफिसात जाणाऱ्या मुलींसारखे साधे कपडे. उजवा हात कोपरात जरासा वाकलेला.

मावशींनी तिला ओळखलं. हातातले कपडे तसेच राहिले.

“आत ये ना.”

“नको. मला फक्त विचारायचं होतं. माझ्याबद्दल आता काय लिहिलंय?”

“तुला हाताला धरून ओढत वर नेलं. दार लावताना हात मध्ये सापडला. दोन दिवस डॉक्टरांकडे नेलं नाही. तुझ्या वेळच्या मुलींनी असं सांगितलंय.”

मुलगी प्रत्येक वाक्याला मान हलवत होती, जणू यादी तपासून घेत होती.

“तीन दिवस,” ती म्हणाली.

“तीन?”

“तीन. दुरुस्त करता येईल?”

“करते. उद्याच जाऊन करते.”

“पाणी मिळेल?”

मावशींनी पेला आणला. तिनं तो डाव्या हातात घेतला आणि उंबऱ्याबाहेर उभ्यानंच, घाई न करता, सगळं पाणी प्यायली.

“तुम्ही तेव्हा खालीच होतात,” ती म्हणाली. “खुर्ची सरकवल्याचा आवाज यायचा.”

 मुलीनं पेला त्यांच्या हातात दिला, क्षणभर थांबली, आणि निघून गेली. मावशी रिकामा पेला धरून दारात उभ्या राहिल्या. पेल्याच्या काठाला तिच्या बोटांची ओल होती. ती वाळेपर्यंत त्यांना तो खाली ठेवता आला नाही.