मिंगा बोलावणाऱ्याचा पहिला घास

यादिराला त्या वासाची शिसारी यायची. लोक समजतात तसा गुलाबाचा वास नव्हताच तो; परदेशी जाणाऱ्या त्या लांब देठाच्या फुलांना वास असा नसतोच. वास होता गंधकाचा आणि बुरशीनाशकाचा. कायाम्बे गावातल्या गुलाबांच्या पॉलिहाउसांमधून तो बायकांच्या केसांत शिरायचा, लोकरी शालींत मुरायचा, पावाच्या पिशवीतसुद्धा जाऊन बसायचा. घरी आल्यावर यादिरा कोपरापर्यंत हात घासायची, अंगातले कपडे बदलायची आणि मगच तामियाला जवळ घ्यायची. तामिया आठ महिन्यांची. दूध पिता पिता ती आईचं बोट तोंडात धरायची. यादिरा ते हळूच सोडवून घ्यायची आणि पुन्हा एकदा हुंगून बघायची.

"कातडं सोलून निघेल गं आता," तिची आई त्रान्सितो चुलीपुढून म्हणायची. "मी याच हातांनी वाढवलं तुला. मेलीस का?"

त्रान्सितोचं अर्धं आयुष्य गुलाब पिकवणाऱ्या कंपनीत फुलं निवडण्यात गेलं होतं. मुलीनं शिकावं म्हणून तिनं हाडाची काडं केली. मुलीनं राजधानीला, कीतोला जाऊन काय शिकावं, तर तत्त्वज्ञान. मग ती पदवी आणि पोटातलं बाळ घेऊन गावी परतली आणि त्याच कंपनीत लागली. फरक एवढाच, की आई फुलं निवडायची आणि लेक प्रश्न.

कंपनीनं एक संस्कृती विभाग काढला होता आणि त्या विभागात यादिरा एकटी होती. दर शुक्रवारी जेवणानंतर बायकांना गोल बसवायचं आणि एक प्रश्न टाकायचा. सुंदर कशाला म्हणायचं? काम म्हणजे काय? मालक इंजिनिअर एन्दारा भिंतीला टेकून ऐकायचा. पाहुण्यांना सांगायचा, आमच्याकडे गुलाब तोडणारी बाईसुद्धा विचार करते. यादिराला ते ऐकताना तोंडात कडू पाणी यायचं. पण नोकरीबरोबर विमा होता, आणि विम्यावर तामियाच्या छातीची औषधं. रात्री घरघर सुरू झाली की लेकराच्या बरगड्या आत ओढल्या जायच्या. तेव्हा कुठलं तत्त्वज्ञान आठवत नसे, औषधाची बाटली तेवढी आठवे.

त्या शुक्रवारी तिनं विचारलं, "मागून घेतलेली मदत, ती देणं असतं का घेणं?"

"म्हणजे मिंगा, गावानं मिळून फुकट करायचं काम," सोइला लगेच म्हणाली. सोइला देठं छाटायची, आणि कात्रीपेक्षा तिची जीभ धारदार. "माझ्या नवऱ्यानं छपरासाठी मिंगा बोलावली. सगळा गाव आला, नि हा पोट दुखतं म्हणून आडवा! अजून छत्री म्हणतात त्याला, दुसऱ्यानं धरली तरच उभी राहणारी."

बायका खदखदून हसल्या.

"का पण?" यादिरानं विचारलं. "काम तर झालं ना?"

"वा गं मास्तरीणबाई! मिंगा ज्याची, त्यानं आधी चिखलात उतरायचं. मग जेवण. एकच चादर पसरायची, ज्यानं त्यानं आणलेलं तिच्यावर ओतायचं आणि बोलावणाऱ्यानं पहिला घास घ्यायचा. हातानं. त्यानं गिळला की मग बाकीच्यांनी."

"आणि नाही गिळला तर?"

"तर उठायचं. ज्याला आपल्या हातचं जात नाही, त्याच्यासाठी राबायचं कशाला?"

दारात टाळ्या वाजल्या. एन्दारा उभा होता. हातात दह्याचा कप, मिशांवर दह्याची पांढरी रेघ. त्यानं चमचा दोन्ही बाजूंनी चाटला. "मिंगा! यादिरा, अगं हेच शोधत होतो मी. उद्याच ठेवू. परदेशी खरेदीदार येतायत, त्यांना आपली संस्कृती दिसू दे. मागचं तळं साफ करून टाकू सगळे मिळून. जेवणाआधी तू चार शब्द बोल. देणं, घेणं... हे आत्ता चाललंय ना, तेच."

मागच्या तळ्यात फवारणीचं उरलेलं पाणी जायचं, पंप आणि पिंपं धुतल्याचं पाणी जायचं. तिथला गाळ उपसायला एरवी टँकर यायचा, आणि टँकरवरची माणसं डोळ्यांपर्यंत झाकलेली असायची.

"साहेब, तळ्याचं काम... मुखपट्ट्या मिळतील ना?"

"अगं, गवत काढायचंय काठचं. आणि फोटोत चेहरे नकोत का दिसायला?" असं म्हणून त्यानं रीतीप्रमाणे निरोपाचा गाल तिच्या गालाला लावला. दह्याचा ओला ठिपका तिच्या कातडीवर राहिला. तिनं तो बाहीनं पुसला, आणि मग दिवसभर त्या बाहीला हात लागू दिला नाही. गवतच आहे, असं ती घरी जाईपर्यंत स्वतःला सांगत राहिली.

शनिवारी सगळे आले. कुदळी, फावडी, डोक्यावर हॅट, पायांत रबरी बूट. उकडलेल्या मक्याची पातेली आणि सालासकट बटाटे फडक्यांत बांधलेले, मका आंबवून केलेल्या पेयाची, चिचाची घागर. आणि लेकरं. बरोबर घेऊन या असं कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. पण मिंगा म्हटल्यावर लेकरू घरी कोण ठेवतं? त्रान्सितोनंच तामियाला यादिराच्या पाठीशी शालीत बांधून दिलं होतं, आणि तीही फावडं घेऊन बरोबर निघाली होती. "रिकाम्या पाठीनं गेलीस तर लोक म्हणतील, शिकली नि विसरली."

तळ्यातलं पाणी सोडून दिलेलं होतं. खाली उरला होता तो गाळ. राखाडी, हिरवट, वर तेलासारखा तवंग. त्यात सडलेल्या पाकळ्यांचे लगदे, आणि एक बेडूक पोट वर करून फुगलेला. गवत कुठंच नव्हतं. पलीकडे मांडवाखाली परदेशी जोडपं फोटो काढत होतं. त्यांच्यासाठी वेगळं टेबल होतं, पांढऱ्या कापडाचं, कीतोहून आलेल्या बंद डब्यांचं. एन्दारानं गावकऱ्यांसारखा लोकरी पोंचो पांघरला होता, पण कोरा. त्यावरच्या घड्यासुद्धा मोडल्या नव्हत्या.

बायका उतरल्या. फावडं आत गेलं की गाळ पचक करून आवाज करी आणि आतून कुजक्या अंड्यासारखा भपकारा येई. काठावर लेकरांनी गाळाचे लाडू वळायला घेतले. एका चिमुरडीनं दोन्ही गालांना गाळ फासला आणि जीभ बाहेर काढून सगळ्यांना दाखवली.

यादिरा मांडवाकडे गेली. "साहेब, लेकरांना तरी बाजूला..."

"किती गोड दिसतायत ना?" एन्दारा बाटलीतलं जेल तळव्यांवर चोळत म्हणाला. "भाषण छोटं कर हं. पाहुण्यांना भूक लागलीय."

दुपारी चादर पसरली. बायका हात धुवायला निळ्या पिंपाकडे गेल्या. पिंप कशाचं होतं ते यादिराला लांबून कळलं. लेबल खरवडलं होतं, पण विषाच्या खुणेतल्या कवटीचा अर्धा जबडा तसाच राहिला होता. त्याच ओल्या हातांनी मका चादरीवर ओतला गेला, बटाटे फोडले गेले.

"साहेब!" सोइला ओरडली. "पहिला घास तुमचा! का तुमचंही पोट दुखतंय?"

सगळे हसले. एन्दाराही हसला, चादरीशी येऊन उकिडवा बसला. दोन बोटांच्या चिमटीत त्यानं मक्याचे दाणे उचलले, तोंडात टाकले आणि कॅमेऱ्याकडे बघत मान डोलावली. मग तो उठून यादिराजवळ आला, पाठ फिरवून कागदी रुमालात थुंकला, त्याची घडी केली आणि ती तिच्या हातात कोंबली.

"टाक हे कुठेतरी." मग आवाज बारीक करून म्हणाला, "तू तरी खाऊ नकोस हं. तळ्याचे हात ते. विष आहे गं सगळं. चल, बोल आता, तत्त्वज्ञ."

रुमाल कोमट होता. आतली ओल कागदातून तिच्या तळव्याला लागत होती. त्याला माहीत होतं. काल दारात उभं राहून दही चाटताना माहीत होतं, आणि लेकरं गोड दिसताना माहीत होतं. पाठीवर तामियानं शालीची झालर तोंडात घेतली होती. तिच्या चोखण्याचा बारीक आवाज यादिराला कानाशी येत होता. तिनं झालर ओढून काढली. तामियानं भोकाड पसरलं.

आता औषधं गेली, एवढं तिच्या मनात येऊन गेलं. मग ती चादरीपाशी गेली आणि रुमाल मक्याच्या ढिगाशेजारी उघडून ठेवला. चावलेले, लाळेनं चकाकणारे दाणे.

"साहेबांचा पहिला घास," ती म्हणाली. भाषणाचा आवाज निघालाच नाही, घोगरा काहीतरी निघाला. "थुंकलाय त्यांनी. विष आहे म्हणाले. कुणी खाऊ नका. लेकरांच्या तोंडात हात जाऊ देऊ नका."

एका म्हाताऱ्यानं घास तोंडापाशी नेला होता, तो तसाच खाली ठेवला.

"यादिरा!" एन्दारा हसायचा प्रयत्न करत होता. "अहो, गैरसमज होतोय. दाताखाली खडा आला मला."

सोइला उठली. तिच्या कोपरापर्यंत गाळ वाळून त्याला भेगा पडल्या होत्या. तिनं मूठभर मका घेतला आणि तळवा त्याच्यापुढे धरला. "मग हा घ्या. निवडून दिलाय. गिळा."

परदेशी बाईनं कॅमेरा खाली केला. एन्दारानं त्या तळव्याकडे पाहिलं, नखांतल्या काळ्याकडे पाहिलं. त्याचं नाक आक्रसलं. त्याला ते लपवता आलं नाही, आणि हात काही वर आला नाही.

"उठा," त्रान्सितो म्हणाली. "ही मिंगा नव्हेच."

चादरीची चार टोकं उचलली गेली आणि सगळं जेवण तळ्यात ओतलं गेलं. कुणी शिवी दिली नाही. आपापलं फावडं, आपापलं लेकरू. फाटकापाशी एन्दारानं यादिराला गाठलं. "सोमवारी येऊ नकोस," तो दातांतून म्हणाला. त्याच्या तोंडाला पुदिन्याचा वास होता. त्यानं गोळी चघळायला घेतली होती.

गावाच्या कालव्यावर बायकांनी लेकरांना उघडं केलं. खाली गाई पाणी पितात म्हणून यादिरानं बादल्यांनी पाणी काढून लांब शेताच्या बांधावर धुवायला लावलं, आणि तिचा शब्द कुणी मोडला नाही. पाणी बर्फासारखं होतं. लेकरं किंचाळत होती.

"मास्तरीणबाई," सोइला चिमुरडीचे गाल घासत म्हणाली, मान वर न करता. "इतके शुक्रवार प्रश्न विचारलेस. हा का नाही विचारलास?"

"कुठला?"

"तळ्यात काय असतं, हा."

यादिरा तामियाचं एकेक बोट वेगळं करून धूत होती. लेकराच्या छातीत बारीक शिट्टी वाजायला लागली होती. थंडीनं असेल, असं तिनं मनाशी म्हटलं, आणि तिला तो कालचा गवताचा दिलासा आठवला.

शेजारी त्रान्सितो गुडघ्यांवर बसली होती. तिनं साबण घेतला आणि हात घासायला लागली. मनगट, मग कोपर, मग त्याच्याही वर. बराच वेळ. मग तिनं तो लाल झालेला हात लेकीच्या नाकापुढे धरला.

"हुंग बघू. गेला का?"

यादिरानं हुंगलं.

"नाही, आई."

त्रान्सितोनं बादली पुन्हा ओढली.