परतीच्या बसचा थांबा

मित्रांनो, डांबरी रस्ता दमून संपतो आणि डोंगराची पायवाट सुरू होते, तिथला मी जुना बसथांबा. तीन दगडी भिंती, वर पत्रा आणि आत एक लांब बाक, एवढाच माझा संसार. आता पत्रा गळतो आणि बाकाची एक फळी निखळली आहे. माझ्याकडे कोणी फिरकत नाही, म्हणून आज तुम्हालाच सारे सांगतो.

मला एका म्हाताऱ्या गवंड्याने बांधले. बाक बसवताना तो स्वतः त्यावर बसला, बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधून पाहिली आणि फळी दोन बोटे खाली घेतली.

"इथे येणारा चालायला येणार," तो बायकोला म्हणाला. "त्याला नीट वाकता आलं पाहिजे."

ती वाळू चाळत होती. मान वर न करता म्हणाली, "आणि परत येणाऱ्याला पाठ टेकता आली पाहिजे. तो दमलेला असणार." म्हणून माझा बाक भिंतीला लागून आहे.

माझ्याकडे येत ती बिनगाडीची माणसे. इस्पितळात लादी पुसणाऱ्या बायका, छापखान्यातले कामगार, वर्गातली मुले घेऊन येणाऱ्या शाळेच्या बाई. शहरातून एक बस, मोठ्या गावाच्या स्टँडवर दुसरी, असे करत सकाळी उतरत आणि संध्याकाळच्या बसने परत जात. बस घाण होऊ नये म्हणून चिखलाचे बूट माझ्या पायरीवर आपटून झाडत. एकदा त्या बाई मुलांना म्हणाल्या, "हा थांबा नसता तर हा डोंगर आपल्याला चित्रातच बघावा लागला असता." ते ऐकून माझे दगडसुद्धा सुखावले.

त्या माणसांतली दोघे माझ्या मनातून जात नाहीत. बहीण नर्स होती, तिला सगळे ताई म्हणत. भाऊ वाद्ये सुरात लावून देई. तो जन्मापासून आंधळा होता. ताईच्या पाठपिशवीचा पट्टा धरून तो सगळा डोंगर चढे. कोणीतरी त्याला विचारले होते, "दिसत नाही, तर एवढ्या लांब येता कशाला?"

"बघायला ही येते, मी ऐकायला येतो," तो म्हणाला. "वर गेलो की आम्ही वाटून घेतो."

बसच्या ड्रायव्हरला दोघे मामा म्हणत. त्यांना उतरायला उशीर झाला तर मामा इंजिन बंद करून माझ्या बाकावर येऊन बसत. बाकीचे उतारू कुरकुरले तरी ढिम्म हलत नसत.

पुढे गाड्या वाढल्या. समोर गाड्या लावायला मैदान झाले, आणि माझ्याकडची गर्दी आटली. दोन-चार डोक्यांसाठी कशाला बस पळवायची, असे वरच्या साहेबांनी ठरवले आणि संध्याकाळची फेरी बंद केली. तसा कागद मोठ्या गावाच्या स्टँडवर कुठेतरी डकवला. मला कोणी काही सांगितले नाही. माझ्या पाटीवर जुनीच वेळ राहिली. मामांनाही त्याच सुमारास दुसऱ्या मार्गावर टाकले.

ते थंडीचे दिवस होते. सकाळी नव्या ड्रायव्हरने ताईला आणि तिच्या भावाला उतरवले आणि तो निघून गेला. संध्याकाळी दोघे खाली आले, बाकावर बसले. वेळ झाली, टळून गेली. धुके उतरू लागले. त्या दरीत फोन लागत नाही.

मैदानातल्या गाड्या एकेक करून निघाल्या. ताई हात करत होती. पुष्कळांनी पाहून न पाहिल्यासारखे केले. एक गाडी मात्र थांबली. आतल्या बाई म्हणाल्या, "एकालाच जागा होईल हो."

"तू जा," ताई भावाला म्हणाली.

"अनोळखी जागी उतरून मी एकटा काय करू? तू जा."

"तुला इथे सोडून?"

गाडीतल्या बाईंनी थोडी वाट पाहिली, मग काच वर गेली. ती शेवटची गाडी होती.

अंधार पडायच्या आत ताईने आपली शाल भावाच्या अंगावर गुंडाळली. "मोठ्या वळणापलीकडे वस्ती आहे. तिथून गाडी घेऊन येते. तू इथून हलू नकोस."

"मी पण येतो."

"रस्त्याला कडेला जागाच नाही. या धुक्यात दोघं चाललो तर कोणीतरी उडवेल."

ती धुक्यात शिरली, ती मला पुन्हा दिसली नाही. दुरून गाडीचा आवाज आला की तो उठून उभा राही. आवाज विरला की बसे.

उजाडल्यावर मामांची बस आली. मोठ्या गावात त्यांनी पोलिसांच्या हातात ताईची पिशवी ओळखली होती आणि कोणालाही न विचारता बस इकडे वळवली होती. भावाने इंजिनाचा आवाज ओळखला.

"मामा, तुम्ही? ताई भेटली का वाटेत?"

मामा त्याच्याशेजारी बसले. त्याच्या खांद्यावरची शाल सारखी करत म्हणाले, "भेटली."

"मग बोलत का नाही ती?"

मामांनी त्याचा हात धरला. मग सांगितले. वळणावर कोणीतरी तिला उडवून निघून गेले होते. तो कोण, हे शेवटपर्यंत कळले नाही.

मित्रांनो, त्यानंतर वळणावर लोखंडी कठडा आला. बैल गेला आणि झोपा केला. संध्याकाळची बस काही आली नाही, उलट वर्षभरात सकाळचीही बंद झाली. भाऊ बसच्या साहेबांच्या कचेरीत जाऊन आला होता. भरपाई नको, फेरी द्या, एवढेच त्याने मागितले. विचार करू, असे उत्तर मिळाले.

एकदा शेजाऱ्याच्या गाडीतून तो इथे आला. शेजाऱ्याने विचारले, "वर जायचं का?" तो पायवाटेकडे तोंड करून उभा राहिला. मग म्हणाला, "नको, घरी चला." तो पुन्हा आला नाही.

माझ्या भिंती आज ना उद्या पडतील, त्याचे मला फार वाटत नाही. माणसांना डोंगरापाशी नेऊन सोडणाऱ्यांनी त्यांच्या परतीचीही सोय पाहावी, एवढे माझे मागणे आहे. आणि मोठे झाल्यावर तुमच्याकडे गाडी आली, आडवाटेला कोणी थांबलेले दिसले, तर काच खाली करा. आत एकालाच जागा असेल तर पोचल्यावर दुसऱ्यासाठी परत या.